उत्क्रांतीची खेळपेटी: खेळ उत्तम, पुस्तिका मात्र दुरुस्त करून वाचावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकातला पहिलाच पाठ आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. दरवर्षी हा पाठ संपला की मुले नैसर्गिक निवडीची व्याख्या बिनचूक लिहितात, आणि दरवर्षी मी तोंडी परीक्षेत ‘जिराफाची मान लांब का?’ असे विचारले की निम्म्याहून अधिक मुले ‘उंचावरची पाने खाता यावीत म्हणून’ असेच सांगतात. व्याख्या पाठ होते, समज मात्र होती तिथेच राहते. म्हणून या वर्षी उत्क्रांती खेळांतून शिकवणारी एक पेटी मी १,४५० रुपयांना घरपोच मागवली. वर्गातल्या बेचाळीस मुलांसोबत महिनाभर आणि माझ्या अकरा वर्षांच्या भाच्यासोबत दोन रविवार ती वापरली, आणि मगच हे लिहीत आहे. पुस्तिकेत सापडलेल्या चुकांची यादी मी उत्पादकांना पाठवली आहे. त्यांचे उत्तर येण्याआधी त्यांचे नाव जाहीर करणे मला योग्य वाटत नाही, म्हणून ते इथे दिलेले नाही.

पेटीत पाच गोष्टी आहेत: पतंगांच्या, म्हणजे फुलपाखरांसारख्या कीटकांच्या, कागदी आकृत्या आणि दोन छापील कापडे, चोचींच्या खेळासाठी चार प्रकारचे चिमटे आणि बिया, लाल-पांढऱ्या मण्यांची पिशवी, पृथ्वीच्या इतिहासाची फीत, आणि हाडांच्या चित्रांचे पत्ते. सोबत चौसष्ट पानांची मराठी पुस्तिका आहे. पहिले चार खेळ मी पुन्हा पुन्हा खेळवले. पत्त्यांबद्दल पुढे थोडक्यात सांगेन.

सगळ्यात आधी पतंगांचा खेळ, कारण पेटीची किंमत एकट्या त्यानेच वसूल होते. एका कापडावर दगडफुलाने माखलेल्या फिकट सालीचे चित्र आहे. हे दगडफूल म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यात पडते तेच, असे सांगितल्यावर मुलांनी कापड हातात घेऊन निरखून पाहिले. दुसऱ्या कापडावर काजळीने काळवंडलेली साल आहे. काळ्या कापडावर दहा फिकट आणि दहा काळे पतंग विखरायचे, एका मुलाने पक्षी व्हायचे आणि भराभर दिसतील ते दहा पतंग उचलायचे. पहिल्या फेरीनंतर आमच्या एका गटाकडे सात काळे आणि तीन फिकट उरले. इथवर ही नुसती शिकार झाली. खेळाचे मर्म पुढच्या नियमात आहे: जे उरले त्यांची संख्या दुप्पट करायची, आणि पिल्लांचा रंग आईबापांचाच. चौदा काळे, सहा फिकट. पुन्हा दहा उचलले, तेव्हा नऊ काळे आणि एक फिकट उरला. दुप्पट केल्यावर अठरा आणि दोन. तिसऱ्या फेरीत फिकट संपले.

मी मुलांना तिथेच थांबवले आणि विचारले की एखाद्या तरी पतंगाने आपला रंग बदलला का. कोणीच बदलला नव्हता. कागदाचा तुकडा रंग बदलणार तरी कसा? तरीही तीन फेऱ्यांत सगळी वस्ती काळी झाली होती. उत्क्रांतीत जीव बदलत नाही, जीवांची वस्ती बदलते, हे वाक्य मी पंधरा वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. ते मुलांच्या डोळ्यांत उतरताना मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. प्रत्येक जीव थोडा वेगळा जन्मतो, हा वेगळेपणा काही अंशी पिल्लांकडे जातो, आणि सगळ्यांनाच जगून पिल्ले वाढवता येत नाहीत. या तीन गोष्टी एकत्र आल्या की वस्ती बदलल्याशिवाय राहत नाही, आणि तिन्ही गोष्टी त्या कापडावर हाताला लागतात.

या खेळाचा दुसरा भाग मला त्याहून मोलाचा वाटला. आता कापड बदलायचे. फिकट सालीच्या कापडावर वीसही पतंग काळे, म्हणजे सगळेच पक्ष्याच्या नजरेत भरणारे. मुले वाट पाहत राहिली की आता फिकट पतंग येतील. पण ते येणार कुठून? नैसर्गिक निवड जे समोर आहे त्यातूनच निवडते, नसलेली गोष्ट ती मागवू शकत नाही. इथे पेटीत दोन फासे दिले आहेत. प्रत्येक फेरीत ते टाकायचे आणि दोन्हींवर सहा पडले तरच एका पिल्लाचा रंग बदलायचा. एका गटाला चौथ्याच फेरीत ते दान पडले, दुसऱ्या गटाला तास संपेपर्यंत पडले नाही आणि त्यांची वस्ती काळीच राहिली. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात अचानक होणारा बदल, गरज पाहून येत नाही, हे याहून चांगले कसे सांगता येईल ते मला ठाऊक नाही.

खेळामागची खरी हकीकत पुस्तिकेत नेटकी दिली आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात पेपर्ड मॉथ या जातीच्या काळ्या पतंगाची पहिली नोंद १८४८ सालची आहे, आणि १८९५ पर्यंत तिथले ९८ टक्के पतंग काळे झाले होते. कोळशाच्या धुराने झाडांवरचे दगडफूल मरून खोडे काळी पडली होती आणि फिकट पतंग पक्ष्यांना सहज दिसत होते. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, धूर कमी होत गेला आणि पुढच्या काही दशकांत फिकट पतंग पुन्हा वाढले. वर्गातल्या खेळात फिकट पतंग पार संपले होते, प्रत्यक्षात मात्र ते संपले नव्हते. धुरापासून दूरच्या भागांत ते टिकून होते, म्हणूनच त्यांना परतता आले. पुस्तिकेत नसलेली एक गोष्ट मी वर्गात जोडली. २०१६ साली संशोधकांनी या काळ्या रंगाचे मूळ शोधून काढले: जागा बदलणारा डीएनएचा एक तुकडा एका जनुकात जाऊन बसला होता, आणि ही घटना साधारण १८१९ च्या सुमारास घडली असावी असा त्यांचा हिशेब आहे. काजळीने ती घडवली नाही. तो बदल आपल्या वाटेने आला, आणि काजळीमुळे त्याला भाव आला.

चोचींचा खेळ मात्र दिला आहे तसा खेळवला तर फसतो. केस उपटण्याचा बारीक चिमटा, कपडे वाळत घालायचा चिमटा, छोटी सांडशी आणि बर्फाचा चिमटा अशा चार ‘चोचीं’नी मुलांनी ठरलेल्या वेळात बिया उचलून वाटीत टाकायच्या असतात. पेटीतल्या ‘कठीण बिया’ म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकचे गोळे आहेत, आणि ते चारही चिमट्यांनी सारखेच निसटतात. त्यामुळे कोणत्या चोचीचा फायदा झाला ते कळतच नाही. पुस्तिका पुन्हा वाचल्यावर उपाय सापडला. हा खेळ ज्या संशोधनावर आधारला आहे ते पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने गालापागोस द्वीपसमूहातल्या डॅफनी मेजर या लहानशा बेटावर १९७३ पासून केले. तिथल्या चिमणीसारख्या फिंच पक्ष्यांना दुष्काळात ज्या काटेरी टणक फळांवर दिवस काढावे लागले, ती वनस्पती आपल्या सराट्याच्या, म्हणजे गोखरूच्याच प्रजातीतली आहे. अनवाणी शेतात गेलेल्या माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सराटा माहीत आहे, तोही तळपायाला. दुसऱ्या दिवशी मुलांनी बांधावरून वाटीभर वाळलेले सराटे आणले, आम्ही त्यांत बाजरी मिसळली आणि खेळ उभा राहिला.

आधी बाजरी भरपूर होती, तेव्हा बारीक चिमट्याची वाटी सगळ्यांत आधी भरली. मग मी फेरीगणिक बाजरी कमी करत गेले, आणि शेवटी ताटात सराटेच उरले तेव्हा सराटा पकडून फोडणे एका सांडशीलाच जमले. १९७७ साली डॅफनी मेजरवर नेमके हेच झाले. पाऊस जवळजवळ पडलाच नाही, मऊ बारीक बिया पक्ष्यांनी आधी संपवल्या, आणि तिथल्या एका फिंच जातीचे ८५ टक्क्यांच्या आसपास पक्षी मेले. जे जगले त्यांच्या चोचीची उंची, म्हणजे वरून खालपर्यंतची जाडी, आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त होती. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, हे मी मोजपट्टीवर दाखवले तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे आली. एवढ्याशा फरकावर जगणे-मरणे ठरले, आणि जगलेल्यांच्या पिल्लांतही चोच मोठीच आली. पुढे १९८३ साली अतिवृष्टी झाली, बारीक बियांचे पीक आले आणि पारडे लहान चोचींकडे झुकले. उत्क्रांती ही एकाच दिशेने वर चढत जाणारी शिडी आहे, ही समजूत मोडायला दोन पावसाळ्यांची ही गोष्ट पुरेशी आहे, आणि पुस्तिकेने ती सांगितली म्हणून मी तिचे मनापासून कौतुक करते.

फितीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण ती चांगली आहे. ४.६ मीटर लांबीच्या फितीवर एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख वर्षे. जीवसृष्टीच्या सर्वमान्य जुन्यात जुन्या खुणा शेवटापासून साडेतीन मीटरवर आहेत आणि डायनोसॉर संपले ती खूण ६.६ सेंटिमीटरवर. आमची शाळा ज्या काळ्या दगडावर उभी आहे त्याचा लाव्हाही त्याच सुमारास वाहत होता, हे मी पेनने तिथे लिहून ठेवले आहे. आपली, म्हणजे आधुनिक माणसाची, सुमारे तीन लाख वर्षे फितीच्या शिवणीत जातात.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. पुस्तिकेचे मराठी भाषांतरित आहे, पण माझा रोष शब्दांच्या खडबडीतपणावर नाही. खेळ जे शिकवतो त्याच्या बरोबर उलट पुस्तिका बोलते, यावर आहे. पान ९ वर ‘उंच झाडांची पाने मिळावीत म्हणून जिराफाने मान लांब केली’ असे छापले आहे. पान २२ वर ‘प्रदूषणापासून वाचण्यासाठी पतंगांनी रंग बदलला’ असे वाक्य आहे. ज्या मुलांनी नुकतेच स्वतःच्या हाताने पाहिले की एकाही पतंगाने रंग बदलला नाही, त्यांच्यासमोर हे वाक्य यावे याचे मला फार वाईट वाटले. आपल्या भाषेत ‘म्हणून’, ‘साठी’, ‘जुळवून घेणे’ हे शब्द इतके सहज ओठांवर येतात की लिहिणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. पण त्या एका ‘म्हणून’मुळे प्राण्याच्या मनात हेतू जातो आणि आयुष्यात कमावलेला बदल पिल्लांकडे जातो, असा अर्थ तयार होतो. १८०९ साली फ्रेंच निसर्गअभ्यासक लॅमार्कने मांडलेला विचार साधारण असाच होता, आणि पाठ्यपुस्तक तो चुकीचा ठरल्याचे सांगते. म्हणजे परीक्षेपुरता लॅमार्क खोडायचा आणि वाक्यावाक्यातून तोच शिकवायचा, असे होते. उत्पादकांना पाठवलेल्या यादीत अशी अकरा वाक्ये आहेत. जिराफाचे वाक्य मी असे सुचवले आहे: ‘जिराफांच्या पूर्वजांत काहींच्या माना जन्मतःच थोड्या लांब होत्या. अशांना जगून पिल्ले वाढवणे ज्या कारणाने सोपे गेले, त्या कारणाने पिढ्यान्‌पिढ्या लांब मानेची पिल्ले वाढत गेली.’ वाक्य लांबते, हे मान्य आहे. पण गोष्टच लांब आहे.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही, हे मला वर्गातल्या एका मुलाने दाखवून दिले. पतंगांचा खेळ संपल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, आमचे बाबा म्हणतात का गुलाबी बोंडअळीला बीटीची सवय झाली. मग ते चूक आहे का?” बीटी म्हणजे अळीला मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणारा कापूस. आमच्या भागात कापूस लावणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य ऐकू येते. मी त्याला सांगितले की बाबांनी पाहिले ते खरे आहे, अळी आता मरत नाही हे खरेच आहे, फक्त ‘सवय’ हा शब्द बदलून पाहू. सवय एका जिवाला लागते. जी अळी बीटीचे बोंड खाऊन मरायची ती मेलीच, तिला सवय व्हायला वेळच मिळाला नाही. जी मुळातच वेगळी जन्मली होती ती वाचली, आणि आज शेतात आहेत ते तिचे वंशज.

पेटीत या अळीचा उल्लेख कुठेही नाही. विदर्भातल्या मुलांना उत्क्रांती शिकवायला मँचेस्टरपर्यंत जावे लागत नाही, हे भाषांतर करणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे. भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि २००६ साली दोन विषारी प्रथिनांचे वाण आले. पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी काही वर्षांतच गुजरातेत आढळली, पुढे तिने दुसऱ्यालाही जुमानले नाही, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात काय झाले ते आमच्या मुलांनी लहानपणी घरातच पाहिले आहे. डोमकळी, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेले फूल, कशी दिसते हे त्यांना मी सांगावे लागत नाही, तीच मला सांगतात.

मग आम्ही मण्यांची पिशवी घेतली. पुस्तिकेत ती केवळ योगायोगाने होणारे बदल दाखवण्यासाठी आहे: डोळे मिटून दहा मणी काढायचे आणि रंगांचे प्रमाण कसे हलते ते पाहायचे. तो खेळ ठीक आहे. पण त्याच मण्यांतून बोंडअळी फार चांगली समजते, म्हणून पद्धत इथे सविस्तर देते. पिशवीत तीस पांढरे आणि दहा लाल मणी घ्यावेत. न बघता दोन-दोन काढावेत, प्रत्येक जोडी म्हणजे एक अळी, एक मणी आईचा आणि एक बापाचा. बीटीच्या शेतात दोन्ही मणी लाल असलेलीच अळी जगते. एक लाल आणि एक पांढरा असला तरी ती मरते, कारण हा गुण बहुतांशी अप्रभावी असतो. वीस जोड्यांत आम्हाला दोन लाल-लाल मिळाल्या. त्या दोघींचीच पिल्ले पुढे आली, तीही सगळी लाल-लाल, आणि एकाच पिढीत शेत हातचे गेले. दुसऱ्या गटाने शेजारी एक वाटी बिगर-बीटी कापसाची ठेवली आणि तिच्यात दहा अळ्या कोणालाही न मारता वाढू दिल्या. आता त्या दोन लाल-लाल अळ्यांचे पतंग झाल्यावर त्यांना जोडीदार मिळाले ते बहुतेक पांढरे. पिल्ले झाली लाल-पांढरी, आणि ती बीटीच्या शेतात मेली.

बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीचे छोटे पाकीट का येत होते, हे त्या क्षणी वर्गाला कळले. त्या ओळींतले बोंड अळीच्या तोंडी जाणार हे दिसत असताना ते पेरायला शेतकऱ्याचा जीव धजत नाही, आणि यात मी त्याला दोष देत नाही. पण ही अळी जवळजवळ कापसावरच जगते, त्यामुळे पांढरे मणी जपायला आजूबाजूचे दुसरे पीक उपयोगी पडत नाही. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही शेतात राखलेला कापूस, ठेवली की अळीला डिसेंबरनंतरही खायला मिळते, म्हणजे दुप्पट करण्याच्या फेऱ्या वाढतात. अमेरिकेत ॲरिझोनात असे पट्टे नेटाने राखले गेले, पुढे वांझ केलेले पतंग सोडले गेले, आणि २०१८ साली त्या देशाने आपला कापूस गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचे जाहीर केले. तो प्रश्न विचारणारा मुलगा खेळ पाहून झाल्यावर मण्यांची पिशवी घरी मागून घेऊन गेला. बाबांना दाखवायची आहे, म्हणाला. अशा पेटीकडून माझी याहून मोठी अपेक्षा नव्हती.

हाडांच्या पत्त्यांत माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव आणि घोड्याचा पाय आहे. तीच हाडे वेगवेगळ्या मापांत दिसतात, चित्रे स्वच्छ आहेत, भाच्याला ती जुळवायला आवडली. देवमाशाच्या पत्त्यावर मात्र एक संधी हुकली आहे. देवमाशांच्या जमिनीवरच्या नातलगाचे, हरणाएवढ्याही नसलेल्या इंडोह्यसचे, जीवाश्म जम्मू-काश्मीरमधल्या राजौरी जिल्ह्यातले आहेत. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवून ठेवलेल्या दगडांतून ते त्यांच्या निधनानंतर बाहेर आले आणि २००७ साली जगासमोर आले. कानाच्या हाडाची खास ठेवण पाहून हे नाते ओळखता आले. आपल्या देशातला एवढा सुंदर पुरावा असताना पत्त्यावर त्याला एक ओळही मिळालेली नाही. शेवटच्या पत्त्यावर वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची रांग छापली आहे. तो पत्ता मी काढून टाकला. आपण आणि चिंपँझी चुलत भावंडांसारखे आहोत, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी आपला पूर्वज एक होता. आजचे माकड आपले आजोबा नाही.

सामानाचा दर्जा मध्यम आहे. कापडे आणि फीत टिकाऊ आहेत. कपड्यांच्या चिमट्यांपैकी दोघांची स्प्रिंग पहिल्याच आठवड्यात निघाली, आणि लाल मण्यांचा रंग घामाच्या हाताला लागतो, त्यामुळे पांढरे मणी गुलाबी होऊ लागले आहेत. बेचाळीस मुलांच्या वर्गाला एक पेटी पुरत नाही. कागदी पतंग जुन्या वर्तमानपत्रातून आणि पुठ्ठ्यातून आम्हीच आणखी कापले. घरी एक-दोन मुलांना शिकवायचे असेल तर ती पुरून उरते, पण मोठ्या माणसाने सोबत बसायला हवे, आणि पुस्तिका मुलाच्या हाती देण्याआधी स्वतः पेन्सिल घेऊन वाचायला हवी. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. त्या शाळांत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही पेटी जरूर घ्यावी असे मी म्हणेन. सराटे मात्र जाड फडक्यातून आणावेत, आणि खेळ झाल्यावर मोजून परत भरावेत. आमच्या वर्गात तीन दिवसांनीही एक निघाला.